कॅमेऱ्याचं उष्टं

तारीख एकवीस एप्रिल, रविवार. रक्कम सहा हजार रुपये, रोख. ठिकाण पिंपरीतल्या संत तुकाराम नगरमधलं मुनाफभाईंचं फोटोचं दुकान. हजर चौघं: मुनाफभाई, नवरदेवाचे वडील बबनराव, त्यांच्या पत्नी सुमनताई आणि मी. रक्कम कशाची, तर नव्या सुनेचं तोंड लग्नाच्या फोटोत गोरं करून देण्याची. जिचं तोंड, ती हजर नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

बबनरावांनी पाचशेच्या बारा नोटा काउंटरवर ठेवल्या. मुनाफभाईंनी त्या मोजल्या नाहीत. त्यांची घट्ट गुंडाळी केली, जुन्या फिल्म रोलची एक काळी डबी शोधली, गुंडाळी तिच्यात कोंबली, झाकण दाबलं आणि डबी मागच्या फळीवर ठेवून दिली. मग आत जाऊन साबणाने हात धुतले. आम्हाला तिघांना नळाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

मुनाफभाई आता पिंपरीत नाहीत. या जानेवारीत दुकान बंद करून ते लातूरला भावाकडे गेले. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांच्याकडून मी फोटो काढायला शिकलो, म्हणजे सहा रविवार आणि नंतर अधूनमधून दोनेक वर्षं. शिकवताना ते प्रेमाने वागले असं मी म्हणणार नाही. या माणसाला जवळजवळ सगळ्याचीच किळस यायची, आणि त्यातली निम्मी किळस मला त्या वेळी अनाठायी वाटायची. आता वाटत नाही.

दिसायला उंच, वाळलेले, साठीच्या जवळचे. शर्टाला चार खिसे. त्यातल्या एकात जुन्या धोतराचा मऊ तुकडा असायचा, लेन्स पुसायला. दुकानात विकत मिळणाऱ्या पुसण्यांना ते 'नाक पुसायचे कागद' म्हणत. स्वतःच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा कायमच्या पडलेल्या, कुठूनतरी घाण वास येतोय अशा. मिशी मात्र कुळकुळीत काळी, दर शुक्रवारी रंगवलेली. एकदा मी धीर करून म्हटलं, "मुनाफभाई, रंगरंगोटीचा तुम्हाला एवढा तिटकारा, मग ही मिशी?"

"मिशी माझी आहे," ते म्हणाले. "तिचं ओरिजिनल घरच्यांनी पाहिलेलं आहे. तुम्हाला दाखवायला मी बांधील नाही."

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीने क्लबहाउसमध्ये फोटोग्राफीचा वर्ग ठेवला होता. आम्ही आठ जण. प्रत्येकाकडे नवा कॅमेरा आणि बहुतेकांच्या कॅमेऱ्याची चकती हिरव्या 'ऑटो'वर. मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॉस्टिंगला आहे. कॅमेरा घेताना मी चार दुकानांतले भाव एका कागदावर मांडले होते, पण घेतल्यावर त्याच्या आत काय चालतं ते एका पानावरही वाचलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मुनाफभाईंनी प्रत्येकाला आपला सगळ्यांत चांगला फोटो दाखवायला सांगितलं. आमच्याच इमारतीतल्या निखिलने, जो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पवनेवरचा सूर्यास्त दाखवला. आभाळ भगवं, पाणी भगवं, सगळंच भगवं.

"कुणी काढला?"

"मी, सर."

"खोटं. कॅमेऱ्यानं काढला. तू बटण दाबलंस." मग आमच्याकडे वळून त्यांनी सुरू केलं. "प्रकाश आत येतो. तो सगळा कॅमेऱ्याच्या ताटात पडतो. तुम्ही कॅमेरा रॉवर न ठेवता जेपेगवर, म्हणजे तयार फोटोवर, ठेवलात की आधी कॅमेरा जेवतो. आवडलं ते ठेवतो, नाही आवडलं ते फेकून देतो, स्वतःच्या हातानं मीठ-मसाला घालतो, आणि उरलेलं तुमच्यापुढं सरकवतो. तुम्ही लोक दुसऱ्याचं उष्टं खाता का? चहाचा कप बदलला तर तोंड वाकडं करता. मग हे कसं गिळता हो?"

"आणि रॉ म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"रॉ म्हणजे वाढलेलं ताट. हात न लावलेलं."

मी हात वर केला. मला आकडे दिसल्याशिवाय पटत नाही. माझ्या कॅमेऱ्यात रॉची एक फाइल सरासरी अठ्ठावीस एमबीची होत होती आणि जेपेगची नऊची. म्हणजे तिपटीहून जास्त जागा. जेपेगचे सात हजार फोटो मावतील त्या कार्डात रॉचे जेमतेम सव्वादोन हजार मावणार. मी हे सगळं मांडलं.

मुनाफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "घरात माणसं किती तुमच्या?"

"चार."

"मग माणशी साडेपाचशे फोटो येतात. तेवढ्यात तुमची माणसं संपत नाहीत का? सात हजार कुणाचे काढणार, चाकणच्या ट्रकांचे?"

सगळे हसले. मीही हसलो, पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळोखापासून उजेडापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये त्याच जिन्याला सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. फोटो अंधारा आला आणि घरी बसून उजळायला गेलात, तर जेपेगच्या पायऱ्या लगेच संपतात आणि चेहऱ्यावर डाग-पट्टे उठतात. मी घरी जाऊन पडताळलं. गॅलरीत बसलेल्या माझ्या मुलीचा एक अंधारा फोटो दोन्ही प्रकारांनी काढून उजळून पाहिला. एकात तिच्या गालावर गजकर्ण झाल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्यात ती माझी मुलगी होती.

मात्र रॉ पहिल्यांदा उघडल्यावर सगळ्यांची निराशा होते हेही लिहिलं पाहिजे. फोटो फिका, मरगळलेला दिसतो. निखिल म्हणाला, "सर, याच्यापेक्षा माझा मोबाइल भारी काढतो."

"कणीक पाहून पोळीला नावं ठेवणारा तू," मुनाफभाई म्हणाले. "भाजणार कोण? मी?"

दुसरा प्रसंग चाकणच्या कांदा बाजारातला. बाजाराच्या दिवशी सकाळी सातला त्यांनी आम्हाला तिथे गोळा केलं. ट्रक, गोण्या, धूळ, बोली लावणाऱ्यांचा गलका. सगळ्यांना कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्हींवर ठेवायला सांगितला होता. निखिलने सांगितलेलं ऐकलं नाही, जेपेगवरच ठेवला. शिवाय आदल्या रात्री घरात पिवळ्या बल्बखाली फोटो काढताना त्याने कॅमेऱ्याची प्रकाशाची सेटिंग बदलली होती, ती तशीच राहिली. अर्धा तास तो ढिगांवर चढून, गोण्यांत आडवा होऊन फोटो काढत होता. मग त्याने पडद्यावर पाहिलं. सगळा चाकणचा कांदा निळा.

शेजारच्या अडत्याने मान वाकडी करून कॅमेऱ्यात डोकावलं. "सायेब, ही कंची जात म्हनायची? बियानं मिळंल का?"

माझ्याकडूनही चूक झाली होती. माझे फोटो दोन घरं, म्हणजे चौपट उजेड घेऊन, जास्त उजळ आले होते, कांद्याच्या चकाकत्या सालींचे नुसते पांढरे ठिपके झाले होते. दुपारी मुनाफभाईंच्या दुकानात त्यांनी माझी रॉ फाइल उघडली, एक पट्टी डावीकडे सरकवली, आणि साल परत आली. तिच्या शिरा, तिच्यावरची माती, सगळं. काही ठिकाणी मात्र आलं नाही. तिथे पांढरंच राहिलं.

"हे गेलं," ते म्हणाले. "जे जळलं ते रॉमध्येही जळलेलंच असतं. हललेला फोटो हललेलाच राहतो. रॉ म्हणजे काय पीरबाबा नाही. पण चूक झाली तर थोडी जागा असते पाय ठेवायला." मग निखिलकडे बघून, "लोक म्हणतात रॉ एक्स्पर्टसाठी. उलटं आहे, गाढवांनो. ज्याच्या हाताला अंदाज आहे त्यानं खुशाल जेपेग काढावं, त्याचं चुकत नाही. तुमचं रोज चुकणार. तुम्हाला माफीची गरज. आणि तुम्हीच पहिल्या दिवशी माफीचं दार लावून घेता."

निळ्या कांद्याचं काही करता आलं नाही. मुनाफभाईंनी त्यातला निळेपणा काढायचा प्रयत्न केला, तर कांदे राखेच्या रंगाचे झाले. त्यांनी तो फोटो मोठा छापून दुकानात लावला. खाली काही लिहिलं नाही.

आता लग्नाकडे येतो.

बबनराव म्हणजे चाकणकडच्या गावातलं जुनं घराणं. जमिनी कंपन्यांत गेल्या, आलेल्या पैशांतून त्यांनी बस घेतल्या, त्या आमच्या कंपनीला कामगारांची ने-आण करायला लागतात. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला फोटोवाला विचारला आणि मी मुनाफभाईंचं नाव दिलं. मुलगी अश्विनी, संत तुकाराम नगरमध्येच वाढलेली. वडील लातूरकडून कंपनीत कामाला आलेले. मुलगी बी.कॉम., एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघायची, तिथेच मुलाची ओळख. घरच्यांनी मान्य केलं. रंग सावळा, चांगला गडद सावळा. हे मी लिहितो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच झालं. एरवी लिहायची गरज नव्हती.

लग्नात मुनाफभाईंचे काही नेम होते. लग्नघरचं ते जेवत नसत, स्कूटरच्या डिकीत स्वतःचा डबा असे. एलईडीच्या भिंतीसमोर, धुराच्या मशीनच्या वासात पनीर खाणाऱ्या माणसांना बघून मला ओकारी येते, असं ते उघड म्हणत. पण हळदीच्या वेळी ते वेगळे असत. गप्प, गुडघ्यांवर बसलेले. अश्विनीच्या हळदीला मी हजर होतो. तिची आई तिच्या गालाला हळद लावत होती. आई-लेकीचा रंग अगदी एक, त्यावर ओली हळद, वर मांडवाच्या पिवळ्या कापडातून झिरपणारं ऊन. मुनाफभाईंनी एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला. तो नीट आला आहे हे त्यांना पाहायची गरज नव्हती.

निखिलही तिथे होता. तो नवरदेवाचा मावसभाऊ निघाला. त्यानेही त्याच क्षणाला, मुनाफभाईंच्या खांद्यावरून, फोटो काढला. जेपेगवर, सगळं ऑटो, त्वचा गुळगुळीत करायची सोय चालू, वरून फ्लॅश.

कॅमेऱ्याला हळद माहीत नसते. एवढा पिवळा दिसला की ऑटोवरच्या कॅमेऱ्याला वाटतं प्रकाशातच दोष आहे, आणि तो पिवळेपणा काढून टाकायला बसतो. निखिलच्या कॅमेऱ्याने तेच केलं. हळद धुऊन काढली, तिच्याबरोबर सावळ्या रंगातली ऊब काढली, फ्लॅशने उरलेलं पुसलं. त्याच्या फोटोत अश्विनी गोरी आली. गोरी म्हणजे उकडलेल्या बटाट्यासारखी. तो फोटो त्याच संध्याकाळी साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरला.

दीड महिन्याने मुनाफभाईंनी अल्बमचे नमुने दाखवले, तेव्हा बबनराव आणि सुमनताई दुकानात येऊन बसले. मी ओळख करून दिलेली, म्हणून मलाही बोलावलं. तीच ती एकवीस एप्रिल.

सुमनताईंनी मोबाइल पुढे केला. "ह्यो बगा. आमच्या निखिलच्या कॅमेऱ्यात कशी आलीया. आन तुमच्या येवढ्या महागाच्या कॅमेऱ्यात काळी कशी हो येती?"

"ताई, ती जशी आहे तशी आलीय."

"आमाला म्हाईत न्हाई का कशी हाय ती? घरात हाय की आमच्या," बबनराव म्हणाले. "पण अल्बम पावणे बघत्यात. जलमभर ऱ्हातो. उजळ करा, बास."

"मी करत नाही."

"मंग बाकीचं बिल आमी बी देत न्हाई."

बाकी पंचेचाळीस हजार होती. मुनाफभाईंच्या दुकानाचं भाडं तीन महिन्यांचं थकलं होतं, हे मला माहीत होतं आणि बबनरावांना माहीत नव्हतं. मुनाफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरचे नमुने एकावर एक रचत बसलो. मग त्यांना एक युक्ती सुचली असावी. ते म्हणाले, "ते काम माझ्या रेटमध्ये बसत नाही. त्याचे वेगळे सहा हजार पडतील. आत्ता, रोख."

आमच्या भागात हे काम दुसरीकडे पाचशे रुपयांत होतं. आकडा त्यांनी फेकला तो दोघांनी गोरं करण्याचा नाद सोडावा म्हणून. बबनरावांनी खिशात हात घातला आणि बारा नोटा मोजून ठेवल्या. घासाघीससुद्धा केली नाही. बसच्या टायरला सहाशे रुपयांवरून अर्धा दिवस वाद घालणारा हा माणूस मी ओळखतो. सुनेचं तोंड पुसून टाकायला त्यांना सहा हजार स्वस्त वाटले. मला त्या नोटांकडे बघवेना.

पुढचं मी आधी सांगितलं आहे. डबी, झाकण, साबण.

ती दोघं गेल्यावर मुनाफभाई संगणकासमोर बसले आणि मला शेजारची खुर्ची दाखवली. "बसा. थू म्हणायला कुणीतरी पाहिजे."

हळदीचा तो फोटो त्यांनी उघडला. एक पट्टी उजवीकडे, दुसरी डावीकडे, कपाळ, नाक, गाल. पाच मिनिटांचं काम. चेहरा पांढरा होत गेला आणि मान, हात तसेच राहिले. नव्या भिंतीला पुट्टी मारून ठेवावी तसा तो चेहरा धडावर बसला होता. मुनाफभाईंनी फोन लावला, स्पीकरवर.

"बबनराव, तोंड झालं. हातांचं काय करू?"

"हात बी करा की."

"गालावर तिच्या आईचा हात आहे. तो?"

थोडा वेळ पलीकडे सुमनताईंशी कुजबुज झाली. "आईचा ऱ्हाऊ द्या. तिचं काय करायचं आपल्याला."

पडद्यावर एक पांढरी मुलगी होती आणि तिच्या गालावर कुणा परक्या बाईचा काळा हात. हळद गेली होती. आईच्या बोटांवर तेवढी राहिली होती.

"आता हे बघा," मुनाफभाई म्हणाले, आणि एक कळ दाबली. सगळ्या पट्ट्या शून्यावर आल्या. अश्विनी परत आली. त्यांनी पुन्हा कळ दाबली, ती पुन्हा पांढरी झाली. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. "रॉवर काम केलं की आपण केलेलं सगळं वरवर राहतं. वरनं चुना मारला तरी खाली हात लागत नाही. त्यांना मी चुन्याची कॉपी देईन. जेपेगमध्ये. त्यांना उष्टंच पाहिजे." मग म्हणाले, "पण चुना मी मारला."

अल्बम गेला, बाकी आली, भाडं भरलं गेलं. त्या वर्षी मुनाफभाईंचा स्वभाव आणखी बिघडला. सोसायटीचा पुढचा वर्ग त्यांनी घेतला नाही. मी दुकानात गेलो की फळीवरची ती डबी दिसायची, हललेली नसायची. भाडं पुन्हा थकलं तेव्हाही नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "ते माझे नाहीत. कुणाचे ते कळलं की देईन."

पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, मी दुकानात पासपोर्टचे फोटो घ्यायला गेलो होतो. दारात एक बाई उभी राहिली, कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल. मी ओळखलं नाही. अल्बमचा तो चेहराच डोक्यात बसला होता. मुनाफभाईंनी लगेच ओळखलं आणि उठून उभे राहिले.

"अश्विनी, ये बेटा. बस."

तिने मुलीला काउंटरवर बसवलं. मुलगी आईसारखी, आजीसारखी. तोच रंग.

"काका, माझ्या हळदीचा फोटो आहे का तुमच्याकडं? खरा?"

"का गं?"

ती सांगायला लागली, आवाज न चढवता. दिवाळीला पाहुणे आले होते. हॉलमध्ये तो पांढरा फोटो मोठा करून लावला आहे. सासूबाई पाहुण्यांना तो दाखवून म्हणत होत्या, सून बघा कशी दुधासारखी हाय, आन पोरगी कुणावर गेली काय म्हाईत. बायका माना हलवत होत्या. एक जण म्हणाली, बापाकडं पण कुणी एवढं काळं न्हाई, मंग आलं कुठनं.

"आणि तू कुठं होतीस?" मी विचारलं.

"तिथंच की. चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलंच नाही हो. सगळ्या फोटोकडं बघून बोलायल्या." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "सासूबाईंनी स्वतः सांगून करून घेतलं ना ते? आता त्यांनाच ते खरं वाटायलंय. मी भिंतीची शोभा म्हणून सहन केलं असतं. पण आता ते हिच्यावर यायलंय. हिला कळायला लागायच्या आत मला तो फोटो तिथनं काढायचाय."

मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. दीड वर्षं घरात वावरणारी, भाकरी थापणारी, बाळंत झालेली बाई समोर असताना माणसं भिंतीवरच्या चुन्याची साक्ष काढत होती, आणि तीही एका तान्ह्या पोरीविरुद्ध.

मुनाफभाई संगणकाकडे वळले. हार्ड डिस्क काढली, फाइल शोधली, पट्ट्या शून्यावर आणल्या. मग थोडंसं भाजलं, जेवढं लागतं तेवढंच. पडद्यावर हळद आली. तिच्याखाली गाल आला, गालावर आईचा हात आला, आणि कुठे गाल संपतो नि हात सुरू होतो ते सांगता येईना. अश्विनी बघत राहिली. मुलगी संगणकाची वायर तोंडात घालत होती, ती मी काढून घेतली.

"तुम्हीच गोरं केलं होतं ना मला?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"हो. मीच."

"किती घेतले?"

"सहा हजार."

मुनाफभाई उठले, फळीवरची काळी डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "हे तेच. तुझ्या तोंडाचे आहेत. मला कळत नव्हतं कुणाला द्यायचे."

मला वाटलं ती नको म्हणेल. आपल्याकडे अशा वेळी नको म्हणायची पद्धत आहे. अश्विनीने झाकण काढलं, गुंडाळी सरळ केली आणि अकाउंट्सवाल्या मुलीने मोजाव्यात तशा बारा नोटा मोजल्या.

"हॉलमधला फोटो वीस बाय तीसचा आहे," ती म्हणाली. "तेवढाच करायचा, फ्रेमसकट. किती?"

"तुझ्याकडून मी..."

"किती, काका?"

"तीन हजार चारशे."

तिने सात नोटा काउंटरवर ठेवल्या, पाच पर्समध्ये टाकल्या आणि हात पुढे केला. "शंभर परत द्या."

मुनाफभाईंनी गल्ल्यातून शंभराची नोट काढून दिली. त्यांच्या नाकाशेजारच्या त्या दोन रेघा पहिल्यांदाच जराशा सैल झालेल्या मी पाहिल्या.

आठवड्याने ती फ्रेम न्यायला येणार होती. मी मुद्दाम गेलो. फ्रेम बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तयार होती, पण मुनाफभाईंनी ती पुन्हा उघडली, खिशातला धोतराचा तुकडा काढून काच पुसली, आणि पुन्हा गुंडाळली. अश्विनी एकटीच आली. मूल आईकडे ठेवलं होतं.

"घरी काय म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणू द्या की. घरात ड्रिल मशीन आहे, मला चालवता येतं. जुना खिळा तर तिथंच आहे."

"आणि जुना फोटो?"

"कपाटामागं. फेकणार नाही. हिला मोठी झाल्यावर दाखवायला पाहिजे ना, तिच्या आईला काय केलं होतं ते."

मुनाफभाईंनी फ्रेम स्वतः उचलली. रस्त्यावर रिक्षा थांबवली. फ्रेम आडवी बसेना, उभी बसेना. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, काच फुटली तर माझ्या नावानं बोंब नको." मुनाफभाईंनी त्याला एक शिवी घातली, सीटवर आपला शर्टावरचा स्वेटर काढून पसरला, फ्रेम त्याच्यावर तिरपी टेकवली आणि अश्विनीला तिच्या कडेला बसवलं. रिक्षा वळली. ते रस्त्यात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले, थंडीत नुसत्या शर्टावर, काळी मिशी, चार खिसे. मागून बसने हॉर्न दिला तरी हलले नाहीत. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

रिक्षाचे चाकणपर्यंतचे साडेचारशे ठरले होते. ते अश्विनीने दिले नाहीत, मीही दिले नाहीत. रिक्षा सुटायच्या आधीच मुनाफभाईंनी आपल्या खिशातून काढून रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले होते.